नॉर्स राजवंशावळी खालून वर वाचाव्यात

प्रश्न असा आहे : मध्ययुगीन आइसलँड आणि नॉर्वेच्या इतिहासग्रंथांत राजांची वंशावळ थेट ओडिन, फ्रेय अशा देवांपर्यंत नेलेली दिसते. ही उघड रचलेली गोष्ट असेल, तर अभ्यासकाने ती वाचायची कशासाठी? आणि राजाच्या गादीवरच्या हक्काला तिचा खरोखर काही आधार होता का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. कुळाचा आधार होता, आणि इतका होता की ११३० ते १२४० या काळात नॉर्वेमध्ये ‘मी राजाचा मुलगा’ या एका वाक्यावर सैन्यं उभी राहिली आणि माणसं मेली. पण हा हक्क देवांकडून पिढ्यान्‌पिढ्या खाली झिरपत आला, असं मात्र घडलेलं नाही. वंशावळ रचणारा सुरुवात करतो एका जिवंत माणसापासून आणि मागे मागे जातो. कागदावर उतरताना ती उलटते : मूळपुरुष वर, आजचा माणूस तळाला. म्हणून हे ग्रंथ शिकवताना माझा पहिला आग्रह असतो, की शेवटचं नाव आधी वाचा. यादी कुणापाशी येऊन थांबते आणि त्या माणसाला त्या वेळी काय हवं होतं, हे कळलं की वरच्या देवांचा अर्थ लागायला लागतो.

आइसलँडिक भाषेत इतिहास लिहिणारा पहिला माणूस आरी थोरगिल्सॉन. त्याचं ‘ईस्लेंडिंगाबोक’ हे छोटेखानी पुस्तक ११२२ ते ११३३ च्या दरम्यानचं. आइसलँडची वस्ती, कायदा, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, बिशप असे विषय तो फार काटेकोरपणे हाताळतो. कुणाकडून काय ऐकलं तेही नोंदवतो. पुस्तकाचा पहिला खर्डा त्याने दोन बिशपांना आणि सेमुंड या विद्वान पुरोहिताला दाखवला होता. दुसऱ्या खर्ड्यात वंशावळी आणि राजांची चरित्रं गाळली, असं तो स्वतः सांगतो. तरीही पुस्तकाच्या अखेरीस एक वंशावळ आहेच. ती सुरू होते ‘तुर्कांचा राजा युंग्वी’ इथून. मग स्वीडनचा राजा न्योर्ड, मग फ्रेय, मग फ्योल्निर, आणि अशी उतरत उतरत शेवटी येते ती ‘आणि माझं नाव आरी’ या शब्दांवर. इतका सावध लेखक, शेतकऱ्यांच्या आणि धर्मगुरूंच्या देशात राहणारा, स्वतःला देवांचा वंशज म्हणवतो! पण यात तो बढाई मारत नाही. आपण ज्या बेटाचा इतिहास सांगतोय तिथली माणसं राजकुळांच्या तोडीची आहेत, हे त्याला कागदावर आणायचं आहे.

‘तुर्कांचा राजा’ हे काय प्रकरण? त्या काळच्या लॅटिन विद्वत्तेत ट्रॉयचे लोक आणि तुर्क एकच समजले जात. फ्रँक लोक आपलं मूळ ट्रॉयशी सातव्या शतकापासूनच जोडत आले होते. उत्तरेकडच्या लेखकांना हे ठाऊक होतं. त्यांनी आपल्या जुन्या देवांना आशियातून आलेले शूर, शहाणे सरदार बनवलं : लोक भुलले आणि त्यांना देव मानू लागले, अशी ती मांडणी. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसॉन (११७९–१२४१) ‘एड्डा’ या आपल्या पुराणकथा-काव्यग्रंथाच्या प्रस्तावनेत हेच करतो आणि ‘हेम्सक्रिंग्ला’ या राजांच्या महाग्रंथाच्या सुरुवातीलाही ओडिनला माणूस म्हणूनच आणतो. यामुळे ख्रिस्ती राजाला मूर्तिपूजक देवाचा वंशज म्हणवून घेणं बिनधोक झालं, आणि त्याच झटक्यात तो युरोपातल्या कुठल्याही राजघराण्याच्या पंक्तीला जाऊन बसला. ‘त्यांचा विश्वास होता का’ या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातला सुशिक्षित आइसलँडर ओडिनला देव मानत नव्हता. पण फार पूर्वी ओडिन नावाचा राजा होऊन गेला आणि त्याच्यापासून घराणी निघाली, हे त्याला अजिबात अशक्य वाटत नव्हतं.

या सगळ्या डोलाऱ्याचा सर्वांत जुना खांब म्हणून ‘युंगलिंगाताल’, म्हणजे युंगलिंग राजकुळाची यादी, ही कविता दाखवली जाते. थ्योदोल्फ या कवीने ती राजा रोग्नवाल्डसाठी रचली, असं परंपरा सांगते. रोग्नवाल्ड हा नॉर्वे एकत्र करणाऱ्या हाराल्ड हारफागरचा चुलतभाऊ. कवितेत राजा कसा जगला याला जागाच नाही. तो कसा मेला आणि पुष्कळदा कुठे पुरला, एवढंच येतं. फ्योल्निर मधाच्या मद्याच्या पिंपात बुडून मेला. स्वेग्दिर एका बुटक्याच्या मागे शिळेत शिरला तो परत आलाच नाही. दोमाल्दीला पीक यावं म्हणून त्याच्याच प्रजेने बळी दिलं. स्तुतिकवितेत असले मृत्यू कशाला, असं पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतंच. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, मेलेल्या राजाचं थडगं जिथे आहे तिथली जमीन कुळाशी बांधली जाते. स्वीडनमधल्या उपसालापासून नॉर्वेतल्या व्हेस्टफोल्डपर्यंत कवितेतली ठिकाणं सरकत येतात, तसा हक्कही सरकत येतो. दुसरं, दोमाल्दीसारखा राजा सांगतो की राजरक्त ही नुसती मिजास नव्हती, सुगीची जबाबदारीही त्याच रक्तावर होती.

ही कविता किती जुनी यावर मोठा वाद आहे. पुष्कळ अभ्यासक ती नवव्या-दहाव्या शतकातली धरतात. नॉर्वेजियन इतिहासकार क्लाउस क्राग यांनी १९९१ मध्ये ती बाराव्या शतकातली विद्वानांची रचना असल्याचं मांडलं. मी स्वतः जुन्या तारखेकडे झुकतो, कारण तिची भाषा आणि कोड्यासारख्या उपमा नंतरच्या माणसाने इतक्या सफाईने घडवल्या असतील असं मला वाटत नाही. पण क्राग यांच्या दुसऱ्या मुद्द्याला मात्र तोड नाही, आणि तो तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे.

तो मुद्दा असा. सागा, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथा, यांच्या मते नॉर्वेचं राज्य ही हाराल्ड हारफागरच्या वंशाची वडिलोपार्जित मालमत्ता. ओलाफ ट्रिग्व्हासन, संत ओलाफ, हाराल्ड हार्डराडा हे नंतरचे राजे सगळे त्याच्याच वेगवेगळ्या मुलांचे वंशज. हाराल्डला मुलगे भरपूर होते असं ग्रंथ सांगतात, आणि मुलगे भरपूर असले की कुणालाही जोडायला फांदी सापडते. आता हार्डराडा पाहा. तो १०४६ मध्ये पुतण्या माग्नुसबरोबर राजा झाला आणि १०६६ मध्ये इंग्लंडात स्टॅमफर्ड ब्रिजवर पडला. संत ओलाफशी त्याचं नातं आईकडून होतं. दोघांची आई आस्ता, बाप निराळे. त्याच्या स्वतःच्या दरबारी कवींच्या ओळींत त्याची ओळख प्रामुख्याने ओलाफचा भाऊ अशी येते. हारफागरपर्यंतची बापाकडची साखळी ठळक होते ती पुढच्या ग्रंथांत. तिच्यातली एक कडी म्हणजे सिगुर्ड ह्रीसी : स्नेफ्रीड या सामी स्त्रीने हाराल्डला भुरळ घातली, तिचा हा मुलगा. नंतरचे जवळजवळ सगळे राजे हार्डराडाचे वंशज असल्यामुळे त्याला हारफागरशी जोडणं भागच होतं. खालून वर वाचलं की जोडणीची गरज कुठे निर्माण झाली, ती जागा बोट ठेवून दाखवता येते.

प्रतिस्पर्धी घराण्यांनाही ही विद्या येत होती. ह्लादिरचा यार्ल (राजाच्या खालोखालचा सरदार) हाकोन हा दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचा बराच भाग राखून होता, पण राजा ही पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याच्यासाठी एय्विंड या कवीने ‘हालेय्ग्याताल’ रचली आणि युंगलिंगातालच्याच ठशावर यार्लचं कूळ ओडिन आणि स्काडी ही देवी यांच्यापर्यंत नेलं. राजाची पदवी नसलेल्या माणसाला राजाच्या तोलाचे पूर्वज मिळाले. डेन्मार्कमध्ये स्क्योल्डुंग हे पुराणप्रसिद्ध राजकूळ होतंच. डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामातिकुसने १२०० च्या सुमारास डेनांचा आरंभ दान आणि आंगुल या भावांपासून केला. डेनांना परक्या, ग्रीक-ट्रोजन मुळाशी जोडणारी, नॉर्मंडीचा इतिहास लिहिणाऱ्या दुदोची गोष्ट त्याने मान्य केली नाही. स्वतःचा मूळपुरुष असणं हेही राजकीय विधानच.

ख्रिस्ती धर्म आल्यावर जुन्या पूर्वजांचं काय करायचं, ही अडचण जिथे उघडी पडते असा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. रोग्नवाल्डचा बाप ओलाफ गेयरस्टाडिरच्या टेकाडात पुरलेला. त्याच्या मरणोत्तर नावाला ‘आल्फ’, म्हणजे एक प्रकारची देवयोनी, हे बिरुद जोडलं गेलं होतं. ‘फ्लातेय्यारबोक’ या हस्तलिखितात कथा येते, की त्या टेकाडातून काढलेल्या वस्तू वापरून संत ओलाफचा जन्म सुखरूप झाला आणि नाव त्याचंच ठेवलं. पुढे राजा ओलाफ आपल्या माणसांसह त्या टेकाडाजवळून जात असताना एक जण विचारतो, ‘महाराज, इथे आपल्यालाच पुरलं होतं का?’ राजा म्हणतो, माझ्या आत्म्याला कधी दोन देह नव्हते आणि असणारही नाहीत. तो माणूस अडून बसतो : मागे इथून जाताना ‘इथे आम्ही होतो, इथून आम्ही गेलो’ असं आपणच म्हणालात असं लोक सांगतात. राजा ते साफ नाकारतो आणि घोड्याला टाच मारतो. कथाकाराला दोन्ही गोष्टी हव्या आहेत, पूर्वजाचं तेजही आणि पुनर्जन्माचा नकारही. गंमत अशी की नकार नोंदवण्यासाठी त्याला लोकांचा समज तपशीलवार लिहावा लागला, आणि तो त्यामुळेच आपल्यापर्यंत पोचला.

१०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडलेला हा ओलाफ वर्षभरात संत ठरला आणि वैधतेचं केंद्रच बदललं. पुढे लॅटिन ग्रंथात त्याला नॉर्वेचा शाश्वत राजा म्हटलं गेलं. पण त्याने वारशाचा गुंता सुटला नाही. नॉर्वेत राजाचा प्रत्येक मुलगा, औरस असो वा अनौरस, गादीचा हक्कदार होता. माग्नुस बारफुट ११०३ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेत मारला गेला. त्या बाजूला त्याची ये-जा होती, त्यामुळे ‘मी माग्नुसचा मुलगा’ म्हणत कुणीही जहाजातून उतरू शकत होता. हाराल्ड गिल्ले तसाच उतरला. त्याला नॉर्स भाषा नीट बोलता येत नव्हती, शब्दांना अडखळायचा, लोक हसायचे. माग्नुस बारफुटचा मुलगा राजा सिगुर्डने त्याला दिव्य करायला लावलं (दिव्य ही गोष्ट आपल्याकडच्या गोतसभांच्या निवाड्यांमुळे मराठी वाचकाला परकी नाही). तापवून लाल केलेले नऊ नांगराचे फाळ मांडले, दोन बिशपांनी हात धरून त्याला अनवाणी त्यावरून नेलं, तीन दिवसांनी पाय पाहिले तर भाजलेले नव्हते. अट मात्र होती, की सिगुर्ड आणि त्याचा मुलगा माग्नुस जिवंत असेतो हाराल्डने राज्य मागायचं नाही. ११३० मध्ये सिगुर्ड वारला आणि हाराल्डने राज्य मागितलं. ११३५ मध्ये माग्नुसचे डोळे काढले गेले, त्याला पंगू केलं गेलं. पुढच्याच वर्षी हाराल्डला मारलं ते सिगुर्ड स्लेम्बेने. त्याचाही दावा हाच, की मी माग्नुस बारफुटचा मुलगा!

थेओदोरिकुस नावाच्या नॉर्वेजियन धर्मपुरुषाने ११८० च्या आसपास लॅटिनमध्ये राजांचा इतिहास लिहिला. तो हाराल्ड हारफागरपासून सुरू करतो. त्याआधी थोर पुरुष नव्हते असं नाही, पण लिहून ठेवणारे नव्हते, असं तो म्हणतो. आणि ११३० ला थांबतो, कारण पुढचे खून, शपथभंग आणि आप्तांचे घात पुढच्या पिढ्यांना सांगणं त्याला योग्य वाटत नाही. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. ओडिन नाही, ट्रॉय नाही, आणि रक्ताच्या दाव्याने काय होतं ते डोळ्यांसमोर असल्यामुळे पुढे लेखणीही नाही.

यातून बाहेर पडायचा एक मार्ग चर्चने दिला. एर्लिंग स्काक्के या सरदाराने आपल्या मुलाला, माग्नुसला, राजा केलं. अडचण अशी की एर्लिंग राजकुळातला नव्हता. राजरक्त माग्नुसच्या आईकडून होतं. ती ११३० मध्ये वारलेल्या राजा सिगुर्डची औरस मुलगी क्रिस्तीन. बापाकडून राजा नसलेला राजा नॉर्वेला नवा होता. आर्चबिशप एय्स्टेइनने बर्गेनमध्ये माग्नुसला अभिषेक केला, ११६३ किंवा ११६४ मध्ये. स्कँडिनेव्हियातला हा पहिला राज्याभिषेक. ११६३ च्या कायद्याने राज्य थोरल्या औरस मुलाकडे, तो दुष्ट किंवा वेडा नसेल तर, असं ठरलं. ‘हेम्सक्रिंग्ला’त एर्लिंग आणि आर्चबिशपची बोलणी आहेत, ती जरूर वाचावीत. जुन्या रिवाजात जे बसत नाही त्याला देवाच्या कायद्याने बळ द्या, असा एर्लिंगचा युक्तिवाद. जन्माच्या जागी अभिषेक उभा राहतो, तो असा सौद्यातून.

आणि मग फेरोईज बेटांवरून स्वेरिर आला. पुरोहित म्हणून शिकलेला. कंगवे बनवणाऱ्या उनासचा मुलगा म्हणून वाढलेला. आपण हाराल्ड गिल्लेचा मुलगा राजा सिगुर्ड मुन्न याचा मुलगा आहोत, हे आईने रोममध्ये पापनिवेदन करून नंतर सांगितलं, असं तो म्हणतो. ११७७ मध्ये बिर्केबेनर या कंगाल टोळीने त्याला पुढारी केलं. ११८४ मध्ये फिमरेइतेच्या लढाईत माग्नुस एर्लिंगसन मेला. ‘स्वेरिस सागा’चा सुरुवातीचा भाग आइसलँडच्या थिंगेय्रार मठाचा अधिपती कार्ल योन्सॉन याने लिहिला, आणि राजा स्वतः जवळ बसून काय लिहायचं ते ठरवत होता, असं प्रस्तावनाच सांगते. या एका वाक्यासाठी मी हा ग्रंथ सगळ्यांत आधी वाचायला देतो.

स्वेरिरपाशी पुरावा नव्हता, म्हणून त्याने स्वप्नं मांडली. आईला स्वप्न पडतं की तिने लखलखता पांढरा दगड प्रसवला. त्याला स्वतःला स्वप्नात संत ओलाफ निवडतो आणि माग्नुस नाव देतो; दुसऱ्या स्वप्नात संदेष्टा सामुएल त्याला अभिषेक करतो, जसा बायबलात डेव्हिडला केला होता. डेव्हिड हा मेंढपाळ होता, सगळ्यांत धाकटा होता, आणि आधीचा राजा जिवंत असताना देवाने त्याला निवडलं. कंगवेवाल्याच्या घरच्या पोराला याहून नेमका पूर्वज मिळाला नसता. बापाकडची वंशावळ डळमळीत, म्हणून ही आध्यात्मिक वंशावळ. बहिष्कृत होऊनही स्वेरिर १२०२ मध्ये राजा म्हणूनच मेला, आणि त्याच्या नातवाने घराणं पक्कं केलं.

तो नातू हाकोन हाकोनसन. १२०४ चा जन्म, बाप आधीच वारलेला. त्याचा जन्म खरा हे सिद्ध करायला आई इंगाने १२१८ मध्ये बर्गेनमध्ये तापलेलं लोखंड हातात धरलं. १२४७ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने त्याला अभिषेक केला, १२६० च्या कायद्याने थोरल्या औरस मुलाचा वारसा ठरला, आणि १२६२–६४ मध्ये आइसलँडने नॉर्वेचं स्वामित्व मानलं. हाकोनचं चरित्र लिहिलं स्टुर्ला थोर्दारसॉनने. स्टुर्ला हा स्नोरीचा पुतण्या, आणि १२४१ मध्ये स्नोरीला रेय्कहोल्टमध्ये ठार केलं ते हाकोनच्या बाजूने. तरीही त्या राजाच्या मुलाच्या आज्ञेवरून स्टुर्ला ते लिहितो. त्याने नोंदवलंय की डिसेंबर १२६३ मध्ये ऑर्कनीत आजारी पडलेल्या हाकोनने आधी लॅटिन ग्रंथ वाचून घेतले. ते जड जाऊ लागले तसे नॉर्स ग्रंथ, संतांची चरित्रं, मग हारफागरचा बाप हाल्फदान द ब्लॅक याच्यापासूनचे नॉर्वेचे सगळे राजे एकामागून एक, आणि शेवटी आजोबाची ‘स्वेरिस सागा’. ज्याच्या आईला आपलं मूल राजाचं आहे हे हात भाजण्याच्या भीतीवर सिद्ध करावं लागलं, तो माणूस मरताना ती यादी ऐकतो. वंशावळीला त्या समाजात किती वजन होतं, याचा याहून थेट दाखला मी देऊ शकणार नाही.

आता राजा नसलेल्या आइसलँडने राजांचे इतके ग्रंथ का लिहिले? कारण तिथल्या सरदारांचाही त्या यादीत जीव अडकला होता. स्नोरीला लहानपणी ओड्डीच्या योन लोफ्तसॉनने वाढवलं. योनची आई थोरा ही माग्नुस बारफुटची अनौरस मुलगी. ११९० च्या सुमाराची ‘नोरेग्स कोनुंगाताल’ ही कविता नॉर्वेचे राजे क्रमाने मोजते आणि मोजणी संपते ती योनपाशी. स्नोरी राजांची कथा शिकला ती अशा घरात. सामान्य घराण्यांची गोष्टही वेगळी नाही. आइसलँडमधल्या पहिल्या वस्तीकरांची नोंद असलेल्या ‘लांडनामाबोक’च्या एका पाठात कारण साफ लिहिलंय : परके लोक आम्हाला गुलामांचे आणि बदमाशांचे वंशज म्हणून हिणवतात, त्यांना उत्तर देता यावं म्हणून खरं मूळ माहीत हवं. १३३४ मध्ये वारलेल्या हाउक एर्लेंडसॉनने आपल्या प्रतीत जुन्या वंशावळी वाढवून स्वतःपर्यंत आणल्या.

खरं-खोटं निवडायचं कसं, हा भाग उरतो. स्नोरीचा निकष असा, की राजांसमोर किंवा त्यांच्या मुलांसमोर म्हटलेल्या कवितेत न घडलेला पराक्रम सांगायला कुणी धजणार नाही. ती स्तुती न होता टिंगल होईल. ऐकणाऱ्यांनी पाहिलेल्या लढाईला हा निकष चांगला लागू पडतो. वीस पिढ्यांमागच्या पूर्वजाला तो लागूच होत नाही, कारण तिथे हसणारा साक्षीदार उरलेला नसतो. म्हणून माझा ढोबळ नियम : शेवटच्या तीन-चार पिढ्या पुराव्यानिशी तपासा, मधल्या पिढ्यांत घराण्यांची जोडणी शोधा, आणि सगळ्यांत वरच्या पिढ्यांत लिहिणाऱ्याची विद्वत्ता आणि आकांक्षा वाचा.

हा नियम सागांच्या काळानंतरही चालतो. १३१९ मध्ये हाकोन पाचवा मुलगा नसताना वारला आणि मुलीचा मुलगा, तीन वर्षांचा माग्नुस, राजा झाला. १३८७ मध्ये नॉर्वेचा तरुण राजा ओलाफ (संत ओलाफ नव्हे) गेला. फ्लातेय्यारबोकचं काम सुरू झालं ते त्याच वर्षी, आणि ते त्याच्यासाठीच योजलं असावं असं काही अभ्यासक मानतात. १३८९ मध्ये नॉर्वेला राजा मिळाला तो पोमेरेनियाचा एरिक, वयाने लहान मुलगा. त्याच्यापासून मागे जा : आई मारिया, तिचा बाप मेक्लेनबुर्गचा हाइनरिश, त्याची आई युफेमिया, तिची आई इंगेबोर्ग, आणि इंगेबोर्गचा बाप हाकोन पाचवा. पाच पायऱ्या, त्यांतल्या तीन बायकांच्या, आणि एरिकला नॉर्वेच्या राजकुळाचा वंशज ठरवायला तेवढ्या पुरल्या.